नाशिकची मुले, मोंबासाची माणसे

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला आफ्रिका परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. हे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले ते मलिक अंबरने, आणि मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत पोहोचलेला माणूस. भडकल दरवाजा आणि नहर-ए-अंबरीमुळे एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण त्यानंतर अडीचशे वर्षांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली मुले पुन्हा एकदा या मुलखात आली, नाशिकला शिकली आणि मोठेपणी आफ्रिकेत परतून तिथल्या गोरगरिबांच्या उपयोगी पडली, ही हकिकत मराठीत फारशी कुणी सांगितलेली नाही. या प्रस्तावनेचा खटाटोप त्या मुलांसाठी.

आधी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या बाजारातून माणसे विकली जात आणि अरबी गलबतांतून उत्तरेकडे पाठवली जात. ब्रिटिश आरमाराच्या नौका या गलबतांचा पाठलाग करून माणसे सोडवत. सोडवलेल्यांचे करायचे काय, हा प्रश्न मात्र लगेच उभा राही. गावे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, त्यातली कित्येक जाळून टाकलेली, आणि वाटेत पुन्हा पकडले जाण्याची भीती कायमची. म्हणून बऱ्याच जणांना मुंबईला उतरवण्यात आले. त्यांतल्या लहान मुलांचा सांभाळ सरकारने मिशनांकडे सोपवला.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभी केली होती. आज शरणपूर रोडवरून रोज जा-ये करणाऱ्या नाशिककरांनाही त्या नावामागची ही वस्ती आठवतेच असे नाही. इथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला गेला. अक्षरओळख, बायबल, सुतारकाम, लोहारकाम, शेती असे तिथले शिक्षण. या कामात गुंतलेले चार्ल्स आयझेनबर्ग हे त्याआधी अनेक वर्षे इथिओपियात राहून आलेले होते, त्यामुळे मुलांच्या मुलखाची निदान थोडी जाण असलेला एक माणूस या मुलांच्या वाट्याला आला.

मुलांना नावे मात्र मिशनची मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग ही दोन नावे पाहा. आडनावे थेट पाद्रींचीच आहेत. आईने ठेवलेले नाव बहुतेकांच्या बाबतीत कागदावर कुठेच सापडत नाही. वाचकांनी या विषयात शिरताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दया खरी होती, आणि त्या दयेने काही पुसूनही टाकले.

सायमन आणि रिचर्ड हे दोघे आफ्रिकेचे प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या मोहिमेसाठी शरणपुरातून निवडलेल्या नऊ तरुणांपैकी. १८६६ मध्ये ही मंडळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली. नऊपैकी बहुतेक जण वाटेत गळाले. इंग्रजी पुस्तके त्याबद्दल त्यांना बोल लावतात. मला तो न्याय वाटत नाही. लहानपणी ज्या वाटांवरून साखळदंडांत चालवत आणले, त्याच वाटांवर पुन्हा भार वाहायला लावले तर विशीतल्या पोराने काय करावे? पुढे १८७२ मध्ये लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला जी तुकडी पाठवली, तिच्यात शरणपूरचाच जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. नंतर या लोकांनी मृतदेह कित्येक महिने पायी वाहून किनाऱ्याला आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत जो दफनविधी झाला, त्यात शवपेटीबरोबर चालणाऱ्यांमध्ये नाशिकला शिकलेला हा तरुण होता.

हा प्रसंग गाजला, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त गाजला. तुम्हाला या विषयाचा गाभा पाहायचा असेल तर वेस्टमिन्स्टर सोडून आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाई गावी जायला हवे. मुंबई इलाख्यातून आलेल्या या लोकांना तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. १८६४ पासूनच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिथल्या मिशनच्या कामाला लागले होते. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला, आणि सुटलेल्यांसाठी मोंबासासमोर फ्रीअर टाउन वसवायला सोसायटीने पुन्हा प्राइस यांनाच धाडले. शरणपूरचा आश्रम एका अर्थाने समुद्रापलीकडे गेला. शिक्षक, कारागीर, दुभाषे म्हणून नाशिकची माणसे तिथे हाताशी होती.

जोन्स यांच्यापाशी थोडे थांबू या. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स बरोबर होते. बिशप मोजकी माणसे घेऊन पुढे गेले आणि बुसोगात मारले गेले. मागे राहिलेला तांडा सुखरूप परत आणण्याची जबाबदारी जोन्स यांच्यावर आली. १८८६च्या सुरुवातीला तो तांडा रबाईत शिरला तेव्हा पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’, म्हणजे ‘वैभव गेले’, असे लिहिलेले होते. याच रबाईत मालकांकडून पळालेले गुलाम आसऱ्याला येत. १८८८ मध्ये मालकांनी त्यांची मागणी केली, प्रकरण हातघाईवर येण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी भरपाई देऊन सुमारे १,४०० जणांना मुक्त करवले. इंग्रजी इतिहासात श्रेय मॅकेन्झींच्या पैशाला मिळते. पण पैसा येईपर्यंत या माणसांना आसरा कुणी दिला, हा प्रश्न वाचकांनी विचारायला हरकत नाही.

सगळेच चित्र सोज्वळ नाही. फ्रीअर टाउनचा कारभार पाहणारा स्ट्रीटर हा अधिकारी रहिवाशांना फटके मारी. त्याची चौकशी होऊन प्राइस यांना १८८०च्या दशकाच्या आरंभी तिथे पुन्हा जावे लागले. बॉम्बे आफ्रिकनांच्या पगाराच्या आणि मानाच्या तक्रारी तर वर्षानुवर्षे चालू राहिल्या. मिशनची पत्रे इंग्लंडमधल्या देणगीदारांसाठी लिहिलेली असत, त्यामुळे कृतज्ञतेचे प्रसंग त्यांत भरभरून येतात आणि तक्रार एखाद्या ओळीत उरकली जाते. त्या ओळीपाशी थांबून वाचायची सवय लागली की निम्मा अभ्यास झाला.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन, जेम्स जुमा म्बोतेला यांच्यापासून. त्यांनी १९३४ मध्ये स्वाहिलीत ‘उहुरु वा वातुम्वा’ हे सुटका झालेल्या गुलामांवरचे पुस्तक लिहिले. ते स्वतः फ्रीअर टाउनच्या समाजातले. त्यांच्या आठवणी जोसेफ हॅरिस या अभ्यासकाने इंग्रजीत आणल्या आहेत. मग १८८३चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर उघडून शरणपूर पाहावे. सोसायटीचे मूळ दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे, आणि इथे आपल्या शहराचा संबंध येतो. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत रेव्ह. रत्नजी नौरोजी यांनी कित्येक दशके काम केले. जन्माने पारशी असलेले हे गृहस्थ याच सोसायटीचे. नाशिक आणि औरंगाबाद ही दोन्ही ठाणी एकाच पश्चिम भारत मिशनची, तेव्हा एकाच्या शोधाला निघालेल्याने दुसऱ्याचे कागदही चाळावेत.

मराठी बाजूचे काम अजून जवळजवळ कोरे आहे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून निघत आले आहे; त्याचे जुने अंक या मुलांसाठी म्हणून पानोपान वाचायला हवेत. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या, शरणपूरच्या कबरींवरचे लेख, जुन्या ख्रिस्ती घरांतली पत्रे, हे सारे धुंडाळायला मराठी आणि जुने इंग्रजी हस्ताक्षर दोन्ही वाचता येणारा माणूस लागेल. स्वाहिली येणारा एखादा सोबती मिळाला तर फारच उत्तम. केनियातून शिकायला आलेले विद्यार्थी आपल्या शहरात भेटतात; त्यांना एकदा रबाईबद्दल विचारून पाहा.