पांझरेच्या पाटापासून काळ्या नळीपर्यंत

धुळ्यात पांझरेच्या उत्तरेला देवपूर आणि दक्षिणेला जुने शहर. या नदीच्या खोऱ्यात पाणी वाटून घेण्याची रीत फार जुनी. साक्रीच्या अंगाला नदीवर बंधारे घालायचे, पाट काढायचे, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याच्या पाळीनेच पाणी भरायचे, ही फड पद्धत इथे काही शतके चालली. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक याच पांझरेवरचे होते. दातर्तीजवळ नदीचा एक प्रवाह ओलांडून पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन त्यांनी बांधला.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी खानदेशात वेगळाच नळ आला.

जामनेर तालुक्यातील वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. १९८० मध्ये त्यांनी जळगावला पीव्हीसी पाइप काढायला घेतले आणि ते दशक सरता सरता ठिबककडे वळले. ठिबकच्या मुख्य वाहिनीला कडक पीव्हीसी चालते. पिकाच्या ओळीतून जाणारी नळी मात्र गुंडाळता यावी, दुमडली तरी तुटू नये आणि चैत्र-वैशाखाचे ऊन तिने सोसावे, अशी लागते. ही काळी नळी पॉलिथिनची.

पॉलिथिनचा जन्म इंग्लंडमधला. मार्च १९३३ मध्ये आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना प्रचंड दाबाखालच्या प्रयोगात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. त्यातून मऊ पॉलिथिन आले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी कमी दाबात घट्ट पॉलिथिन बनवले. पुढे तिसरे भावंड आले, ते रेषीय मऊ पॉलिथिन. भंगाराच्या बाजारात यांना एलडी, एचडी आणि एलएलडी म्हणतात.

तिघांचे घटक तेच, पण साखळ्यांची ठेवण निराळी. एचडीची साखळी जवळजवळ सरळ, एलएलडीला आखूड फांद्या, तर एलडीला लांब फांद्याही. वितळलेले पॉलिथिन थंड होताना साखळ्या घडी घालत एकमेकींना लागून बसतात आणि पातळ स्फटिक तयार होतात. या घड्या १९५७ मध्ये ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी उलगडून दाखवल्या. एका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी! स्फटिक जास्त तर नळी ताठ, कमी तर लवचीक. एकट्या एचडीची नळी शेतात अवघड जाते, म्हणून ओळीतल्या नळीत एलएलडीचा वापर मोठा. तिला उन्हापासून वाचवायला दोन ते अडीच टक्के काजळी घालतात, आणि तिचा काळा रंग त्या काजळीचा.

जुना माल पुन्हा वापरायला एचडी आणि एलएलडी एकत्र वितळवले आणि नेहमीच्या वेगाने थंड केले, तर त्यांच्या साखळ्या बहुधा एकाच स्फटिकात बसतात. एलडी वितळलेले असताना या दोघांत बरेचसे मिसळते, पण थंड होताना लांब फांद्यांमुळे त्याचे स्फटिक वेगळे पडतात. सख्ख्या भावंडांतही एवढे अंतर आहे.

परक्यांची गोष्ट आणखी कठीण. पाण्याच्या बाटलीचे पेट हे पॉलिएस्टर. त्या घराण्याचा धागा व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडातच शोधला. एचडी सुमारे १३० अंशांना वितळते, पेटला अडीचशेच्या वर उष्णता लागते. नळीच्या यंत्रात चुकून आलेला बाटलीचा तुकडा न वितळता खड्यासारखा राहतो आणि नळी तिथेच फुटते. उष्णता वाढवून दोघांना वितळवले, तरी ताकातल्या लोण्यासारखे गोळे वेगवेगळे राहतात. त्यांना जोडायला दोन्हींकडे दुवा साधणारे तिसरे रसायन घालावे लागते, आणि त्याला पैसे पडतात. चटईसाठी जळगाव प्रसिद्ध आहे, पण तिचे पॉलिप्रोपिलीनही पॉलिथिनशी नीट एकजीव होत नाही.

पॉलिथिनशी मिळतेजुळते पॉलिएस्टर मात्र बनवता येते. साखळीत कार्बनच्या लांबलचक ओळी ठेवून मधूनमधून एस्टरचे जोड दिले, तर ते पॉलिथिनसारखेच स्फटिक धरते. कोन्स्टान्झ विद्यापीठातील स्टेफान मेकिंग यांच्या गटाने २०२१ मध्ये असे पॉलिएस्टर जोडांवर तोडून त्याचे ९६ टक्के मूळ घटक परत मिळवले. खऱ्या पॉलिथिनची साखळी अशी सहज तोडता येत नाही. उद्याची नळी जुनी झाल्यावर या वाटेने पुन्हा मूळ कच्चा माल होऊ शकेल.

तोवर जुन्या नळीचे भवितव्य वेचणाऱ्या हातांवर आहे. जुन्या मालाचा चांगला दाणा होण्याआधी पहिले काम निवडण्याचे. म्हणून रावेर-यावलच्या केळीबागांतून आणि पांझराकाठच्या शेतांतून नळ्या काढताना शेतकऱ्यांनी त्यांतली माती झटकावी, काळ्या नळ्या वेगळ्या गुंडाळाव्यात आणि बाटल्या, दोऱ्या, चटईचे तुकडे त्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नयेत.