जुन्या कार्डांचे मोल कशात?

लहानपणी च्युइंगमच्या पाकिटांतून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे मी बुटाच्या खोक्यात जमवली होती. एका दिवाळीत घर रंगवायला काढले आणि आईने ते खोके रद्दीवाल्याला देऊन टाकले. मी दोन दिवस रुसून होतो. पुढे अमेरिकेतील बेसबॉल कार्डांचा इतिहास वाचला तेव्हा कळले, की तिथेही घरोघरी हेच झाले आणि त्यातूनच उरलेल्या कार्डांना मोल आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे चुरगळू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली, की गिऱ्हाईकही टिकून राही. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पाचशेहून अधिक कार्डांचा संच काढला. पिट्सबर्गचा नामवंत खेळाडू होनस वॅगनर याने मात्र आपले चित्र वापरू देण्यास नकार दिला. मुलांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. मोबदल्याचा वाद होता असेही म्हणतात. त्याच्या कार्डाची छपाई थांबली. आज त्याची जेमतेम साठ कार्डे ज्ञात आहेत आणि २०२२ मध्ये त्यांतले एक ७२.५ लाख डॉलरला विकले गेले. त्याच संचातील साध्या खेळाडूंची कार्डे तितकीच जुनी आहेत, पण त्यांना त्या मानाने भाव नाही. म्हणजे नुसत्या वयाला किंमत नसते.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचाचा शेवटचा भाग बाजारात उशिरा आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये कंपनीने तो शिल्लक माल चक्क समुद्रात बुडवला. त्यात मिकी मँटलची कार्डेही होती. २०२२ मध्ये मँटलच्या त्याच कार्डाची एक उत्कृष्ट प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. याउलट १९८० नंतर लोक कार्डे गुंतवणूक म्हणून जपू लागले, कंपन्यांनीही भरमसाट छापली. ती आज कोणी विचारत नाही.

दुर्मिळतेनंतर पाहिली जाते ती अवस्था. कोपरे टोकदार आहेत का, चित्र मधोमध आहे का, सुरकुती आहे का, हे तपासून तज्ज्ञ १ ते १० गुण देतात. इथेच लबाडीही शिरते. वॅगनरचे सर्वांत प्रसिद्ध कार्ड ८ गुण मिळवून २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेले होते. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने कबूल केले, की त्याच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या.

ही कबुली वाचल्यावर मला आपल्या इंदुरातल्या जुन्या घरांची आठवण झाली. कर्नल सी. के. नायडू यांचा होळकर संघ चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या काळचे एखादे तिकीट, सही किंवा छायाचित्र आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत असू शकते. सापडलेच, तर कडा कापू नका, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कुणाचे, केव्हाचे, घरात कसे आले, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.

आणि दिवाळीची साफसफाई काढण्याआधी ट्रंक एकदा उघडून पाहा. रद्दीवाला काय, पुन्हा येईलच.