किडरमिन्स्टरचा माग

यंत्रानें हातास विश्रांति मिळते, असें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. इंग्लंडांतील किडरमिन्स्टर येथील गालिच्यांचा इतिहास वाचल्यापासून मात्र तें वाक्य उच्चारतांना आमची जीभ अडखळते. १७४९ च्या सुमारास तेथें ब्रुसेल्स पद्धतीचा हातमाग आला. त्यावर लोंकरीचें सूत आडव्या तारांवरून घेत. तार काढून घेतली कीं फांसे उभे राहत. सूत पांच रंगांचें असलें तरी एका जागीं एकच रंग वर दिसे. उरलेले चार गालिच्याच्या पोटांत दडत. कोणता रंग वर आणावयाचा हें मागाच्या बाजूस दोऱ्या ओढणाऱ्या पोराच्या हातीं असे! १८२५ च्या सुमारास जाकार या फ्रेंच गृहस्थाची युक्ति या मागावर बसली, आणि पोराचें तें काम भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं घेतलें. १८२८ मध्यें मजुरी कापली गेली. विणकरांनीं कित्येक महिने संप केला व ते हरले. कपातीचा दोष एकट्या जाकारवर लादणें अन्यायाचें होईल. परंतु सुधारणेचा लाभ विणकराकडे वळला नाहीं, हें उघड आहे.

१८३२ मध्यें एडिंबरोच्या व्हायटॉकनें सूत विणण्यापूर्वींच मोठ्या पिंपावर गुंडाळून त्यावर नक्षी छापली, त्यामुळें दडणाऱ्या सुताचा खर्च वांचला. छापतांना लांबट दिसणारें फूल फांसे पडतांच आंखडून सुरेख होई. ही कल्पना आम्हांस सर्वांत मोहक वाटते. पुढें अमेरिकेंतील बिगेलोच्या वाफेच्या मागानें तार घालण्याचें व काढण्याचें कामहि यंत्राकडे नेलें. १८५१ व १८६१ च्या शिरगणतींच्या दरम्यान किडरमिन्स्टरची वस्ती घटली.