आग्र्याचा किल्ला आधी बघा

दिल्लीहून पहाटे निघालेली खासगी गाडी, सोबत गाईड, रात्री परत. आमच्या आग्रा सहलीत ताजमहालाला तीन तास होते, किल्ल्याला जेमतेम एक. खरं तर ताजची गोष्ट किल्ल्यातूनच कळते.

मुसम्मन बुरुजाजवळून यमुनेच्या वळणावरचा ताज दिसतो. १६५८ पासून शाहजहान याच किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता. २२ जानेवारी १६६६ला तो वारला आणि ताजमध्ये मुमताजशेजारी त्याला पुरलं. तिची कबर बरोबर मधोमध, त्याची एका बाजूला. इतक्या काटेकोर इमारतीत तेवढाच तोल ढळलेला.

बाप गेल्यावर औरंगजेबाचा दरबार आग्र्यात आला. मी महाराष्ट्रातला आहे हे कळताच गाईड थेट दिवाण-ए-खासकडे वळला. १२ मे १६६६ला शिवाजी महाराज दरबारातला अपमान न गिळता निघून गेले. मग शहरातल्या मुक्कामावर पहारा बसला. १७ ऑगस्टला ते निसटले.

सात महिन्यांत आग्र्यातले औरंगजेबाचे दोन कैदी सुटले: एक मरून, एक पळून. पहिल्याची कबर बघायला जग येतं. दुसऱ्याच्या सुटकेची खूण म्हणून एकही संगमरवरी इमारत नाही, पण पुढचा इतिहास तिनेच बदलला.