भूमितींतील 'कारण'

भूमितीच्या वहींत विद्यार्थ्यास प्रथम अडवितो तो त्रिकोण नव्हे. अडवितो तो 'कारण' हा लहानसा शब्द. दोन सरळ रेषा एकमेकींस छेदतात आणि समोरासमोरचे कोन सारखे दिसतात. डोळ्यांना दिसत असतां आणखी सिद्ध तें काय करावयाचें, हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. सुमारें २,३०० वर्षांपूर्वीं युक्लिडनें रचलेल्या ग्रंथाची सारी शिकवण या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. शेजारचे दोन कोन मिळून दोन काटकोन होतात. त्यांपैकीं एक कोन आणि त्याच्या दुसऱ्या बाजूचा कोन मिळूनहि दोन काटकोनच. दोहोंतील सामाईक कोन वजा केला, कीं उरलेले समान. आकृति कितीहि वांकडी निघाली तरी हा निर्णय ढळत नाहीं.

महाराष्ट्राला ही दृष्टि अपरिचित नव्हती. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५४५ सालीं लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहून नियमांच्या उपपत्ति दिल्या. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटांनीं नसीरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून युक्लिड संस्कृतांत आणला. तोच 'रेखागणित' ग्रंथ.

हाच अरबी धागा मराठवाड्यांत निराळ्या वाटेनें पोंचला. आज लातूर जिल्ह्यांत असलेला शिरूर अनंतपाळचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें वरच्या वर्गांचें शिक्षण मुख्यतः उर्दूंतून चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास त्रिकोणाला 'मुसल्लस', कोनाला 'जाविया' आणि समांतराला 'मुतवाजी' म्हणावें लागे. हे शब्द भूमितीला परके नव्हते. परके होते तें त्या मुलाला. तरीहि नांवें पाठ होतात. 'म्हणून', 'परंतु' आणि 'कारण' यांची साखळी मात्र ज्या भाषेंत मन विचार करतें, तिच्यांतच सहज जुळते. ती जुळली नाहीं, कीं पाठांतराचा आधार घ्यावा लागतो. आणि परीक्षकानें आकृतींतील अक्षरें बदलतांच तो आधार निसटतो.

संस्थान गेलें; १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. 'पक्ष', 'साध्य' आणि 'सिद्धता' हे शब्द तेथील मुलांच्या वह्यांत रुळले. एक अडथळा दूर झाला. पण पाठांतर कांहीं भाषेबरोबर निघून गेलें नाहीं. मायबोलींतली सिद्धताहि पोपटासारखी म्हणतां येते.

यासाठीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं एक सोपी परीक्षा घ्यावी. वही मिटावी, आकृति उलटी काढावी, अक्षरें बदलावीं आणि प्रत्येक ओळीशीं थांबून एवढेंच विचारावें: "कां?" ज्याला त्याचें उत्तर स्वतःच्या शब्दांत देतां आलें, त्याला भूमिति आली.