भीमेच्या कांठच्या दोन भाषा

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास, इंदापूर तालुक्यांत, नीरा भीमेस मिळते. त्या संगमावर नरसिंहपूर हें क्षेत्र आहे. मूर्ति वालुकेची असून ती प्रल्हादानें केली अशी भाविकांची श्रद्धा आहे. देवालय विंचूरकर सरदारांनीं बांधविलें. परंतु क्षेत्रमाहात्म्य सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे तें तेथें येणाऱ्या यात्रेकरूंकडे. ज्यांचें कुलदैवत हा नरसिंह, अशीं घराणीं जशीं पुणें, सातारा, सोलापूर या भागांत आहेत, तशींच विजापूर-धारवाडाकडेही आहेत. आडनांवें पाहावीं तर कुलकर्णी, देशपांडे, देसाई. संकल्प एकच, नैवेद्य एकच. मात्र पूजा आटोपून मंडळी ओवरींत बोलत बसलीं म्हणजे एक बिऱ्हाड मराठींत बोलतें व शेजारचें कन्नडांत. एकाच बिऱ्हाडांत आजी लेकीशीं कानडींत व नातवाशीं मराठींत बोलते, असेंही घडतें. अशा घरास 'तुम्ही मराठी कीं कानडी?' असें विचारणें म्हणजे 'तुमचा उजवा डोळा खरा कीं डावा?' असें विचारण्यासारखें आहे. पण तो प्रश्न गेलीं शेंदीडशें वर्षें या घरांस सतत विचारला जात आहे, आणि त्याचें उत्तर एकाच शब्दांत मागितलें जात आहे.

हा तंटा पुरातन आहे असा सामान्य समज आढळतो. आमचें मत निराळें आहे. दोन भाषा जुन्या आहेत. त्यांतून एकच निवडण्याची सक्ति नवी आहे.

नरसिंहपुराहून भीमेच्या प्रवाहाबरोबर खालीं जावें. प्रथम लागतें पंढरपूर. मराठी संतांच्या या माहेरीं शके ११५९ चा, म्हणजे इ. स. १२३७ चा, होयसळ राजा सोमेश्वर याचा शिलालेख आहे आणि त्यांत संस्कृताबरोबर कन्नड आहे. विठ्ठलास 'कानडा' म्हणणारे आमचेच संत. आणि त्याच विठ्ठलाच्या नांवाची मुद्रा घालून कन्नडांत पदें रचणारे पुरंदरदासादि हरिदास. देव कोणाचा यावर पंडितांनीं वाद घातले, वारकऱ्यांनीं घातल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणखी खालीं, सीना व भीमा यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यांत हत्तरसंग-कुडल आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनीं तेथील शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख उजेडांत आणला. त्याच्या अखेरीस एक मराठी वाक्य आहे व कालनिर्देश असलेल्या अतिप्राचीन मराठी लेखांत त्याची गणना होते. आतां गंमत अशी कीं, 'कूडल' हा शब्दच कन्नड असून त्याचा अर्थ संगम. गांवाचें नांव कानडी आणि त्याची कीर्ति मराठीच्या आद्य लेखांपैकीं एका लेखामुळें! शिवाय त्या जिल्ह्यांत कन्नड शिलालेखही विपुल आहेत. खुद्द सोलापूर शहराचे आराध्य सिद्धेश्वर हे बाराव्या शतकांतील वचनकार; त्यांचीं वचनें कन्नडांत आहेत आणि दर संक्रांतीस त्यांच्या यात्रेस लोटणारा समुदाय मराठी, कन्नड व तेलुगु या तिन्ही भाषा बोलणारा आहे.

भाषा इतक्या जवळ नांदल्या म्हणजे त्या एकमेकींच्या घरांत शिरतात. आमच्या 'अक्का' आणि 'अण्णा' या हाका दक्षिणेकडच्या. 'आम्ही' म्हणजे ऐकणारास वगळून, आणि 'आपण' म्हणजे त्यास सामावून घेऊन, असा जो सूक्ष्म भेद मराठी पाळते, तो द्राविड भाषांच्या सहवासाचा परिणाम आहे असें अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मौज अशी कीं, आजच्या प्रचलित कन्नडांत तो भेद उरलेला नाहीं.

पूर्वीं या दोन भाषांची वांटणी माणसांत नव्हती, कामांत होती. आदिलशाहींत इब्राहिम आदिलशहानें (कारकीर्द १५३४ ते १५५८) महसुलाचे हिशेब पारशींतून काढून देशी भाषेंत आणले. पेशवाईंत धारवाडाकडील कित्येक कुलकर्ण्यांचीं दप्तरें मोडींत मराठी लिहिलीं जात. तो लिहिणारा कुलकर्णी घरीं कानडी बोले, देवापुढें संस्कृत म्हणे. त्याच्या मनांत याविषयीं कांहीं ओढाताण होती असें दिसत नाहीं. अर्थात् या व्यवस्थेंत सर्व सुखी होते असें मात्र कोणी समजूं नये. ज्या रयतेस केवळ कानडी येई, तिला आपल्याच शेताचा हिशेब परक्या भाषेंत व परक्या लिपींत पाहावा लागे, आणि तो वाचून दाखविणारावर विश्वास ठेवावा लागे. मराठी ही तेथें सत्तेची भाषा होती, हें आपण मराठी लोकांनीं मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे.

१८१८ सालीं पेशवाई गेली. पुढें धारवाडाकडे सरकारी शाळा निघाल्या त्या आरंभीं मराठी होत्या. कानडी मुलांस मराठींतून शिकविण्याचा हा विपरीत प्रकार मोडण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांत डेप्युटी चन्नबसप्पा (१८३४–१८८१) यांचें नांव अग्रगण्य आहे. १८९० सालीं रा. ह. देशपांडे यांनीं धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापिला. कन्नडाच्या पुनरुज्जीवनाचा झेंडा एका देशपांड्यानें उभारावा, यांत आश्चर्य आम्हांस तरी वाटत नाहीं. हें सर्व न्याय्यच होतें. पण शाळा आली म्हणजे पटावर एक भाषा येते. खानेसुमारी आली, तिच्यांत 'मातृभाषा' हा रकाना आला, आणि त्या रकान्यांत नांव एकच मावतें. दुसरी येणारी भाषा विचारण्याची पद्धत मागाहून पडली खरी, पण तंट्यांत आंकडे उद्धृत होतात ते पहिल्या रकान्याचे. ओवरींतल्या त्या आजीस लेक आणि नातू यांत निवड करावयास लागली ती येथपासून.

तरीही मोठीं माणसें दोन्ही घरें राखून होतीं. कर्नाटकाच्या एकीकरणासाठीं झटणारे आलूर वेंकटराव पुण्यास शिकलेले. टिळकांचें 'गीतारहस्य' कन्नडांत नेलें तें त्यांनींच. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचें उदाहरण तर विलक्षण आहे. घरची भाषा मराठी, जन्म धारवाडचा, पदवी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून, १९४४ ते १९५६ सोलापूरच्या कॉलेजांत कन्नडाचे अध्यापक, आणि १९७३ सालीं ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें तें कन्नड कवितेस. मराठींतही त्यांनीं लिहिलें. उलट बाजूस जी. ए. कुलकर्णी यांनीं धारवाडांत इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिली. शं. बा. जोशी यांनीं कन्नडांत आयुष्यभर संशोधन केलें व मराठी संस्कृतीच्या मुळांचा प्रश्न मराठींत ग्रंथ लिहून मांडला.

पुढची हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे; ती थोडक्यांत सांगतों. १९४६ च्या मे महिन्यांत बेळगांवच्या साहित्यसंमेलनांत, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असतां, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना होऊन बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें. १९६६ सालीं सेनापति बापटांच्या उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला. त्यानें पुढील वर्षीं बेळगांव म्हैसुराकडेच ठेवण्याची शिफारस केली, निपाणी-खानापुराकडील भाग महाराष्ट्रास देऊं केला, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व जत इकडील भाग म्हैसुरास जावा असें म्हटलें. कर्नाटकानें हा निवाडा उचलून धरला, महाराष्ट्रानें नाकारला. २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला.

महाराष्ट्राची भूमिका अशी कीं, खेडें हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी, बहुसंख्यांची भाषा पाहावी व लोकांची इच्छा पाहावी. हीं तत्त्वें आम्हांस पटतात. बेळगांवच्या मराठी माणसास सरकारी कागद त्याच्या भाषेंत मिळूं नये, हा अन्याय आहे याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पण जें माप आपण बेळगांवास लावतों तेंच अक्कलकोटच्या कन्नड खेड्यास लावण्याची आपली तयारी आहे काय? आपल्या वृत्तपत्रांत बेळगांवच्या मराठी शाळांची कैफियत वारंवार येते, आणि ती यावी. अक्कलकोट-जतकडील कन्नड शाळांस शिक्षक व पुस्तकें वेळेवर मिळतात कीं नाहीं, याची विचारपूस कितीशी होते?

सांगलीजवळच्या कुपवाड या गांवाचा अभ्यास जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन या विद्वानांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केला. तेथें जैन व लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतर कांहीं जातींत मराठी व थोड्या घरांत तेलुगु बोलत. त्यांस आढळलें तें असें: शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले होते, परंतु शतकानुशतकांच्या सहवासानें वाक्यांची ठेवण इतकी एकरूप झाली होती कीं, एका भाषेंतलें वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरींत नेतां यावें. चारचौघांत, जेथें कोणाच्याच घरची भाषा वापरून वरचष्मा दाखवावयाचा नसे, तेथें मराठी चाले. घरीं आपापली भाषा कोणी सोडली नव्हती, कारण तिच्यावरून जात ओळखली जाई. म्हणजे हें सख्यही अगदीं निर्मळ नव्हतें. पण त्या गांवीं दोन-तीन भाषा येणें हा गुण समजला जाई, संशयाचें कारण नव्हे.

आज सीमेच्या दोन्ही अंगांस पाट्यांवरील अक्षरांवरून मोर्चे निघतात, बसगाड्यांस काळें फांसलें जातें. आणि ज्यांस ऐपत आहे असे पालक, बेळगांवांत काय किंवा सोलापुरांत काय, आपल्या मुलांचीं नांवें इंग्रजी शाळेंत घालून येतात.