कोंबडीचा दाणा : उखळापासून पेंडीपर्यंत

स्मरणिकेत कोंबडीच्या दाण्यावर लेख कशाला, असे काही भगिनींच्या मनात येईल. पण परड्यातील चार कोंबड्या हा आपल्याकडे पूर्वापार बायकांचाच कारभार. बैल घरधन्याचे, आणि अंड्यांचे चार पैसे मात्र सुनेच्या पदराच्या गाठीला. तेव्हा त्या कोंबड्यांनी काय खाल्ले याचा इतिहास हा आपलाच इतिहास आहे.

जुन्या काळी कोंबडीला वेगळे खाद्य असे कोणी घालीत नसे. सकाळी खुराडे उघडले की ती उकिरड्यावर किडे-मुंग्या टिपी, कोवळा पाला खाई. घरातून मिळे ती मूठभर ज्वारी आणि भातकांडणीची कणी-कोंडा. आजरा, चंदगड, राधानगरी या भाताच्या मुलखात उखळाभोवती कोंबड्यांचा घोळका ठरलेलाच. त्या कोंड्याची किंमत कोणी केली नाही. ती जगाला कळली ती दूर जावा बेटावर, आणि तीही कोंबड्यांमुळेच.

आइकमान नावाचे डच डॉक्टर तेथे बेरीबेरीचा शोध घेत होते. या रोगात माणसाचे पाय लुळे पडतात. १८८९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्याही अशाच लुळ्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या! चौकशीअंती उमगले ते असे : मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र, सडीक तांदळाचा भात मिळत होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने साफ सांगितले आणि कोंबड्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या. स्वयंपाक्याच्या काटेकोरपणाने शास्त्राचे एवढे भले क्वचितच झाले असेल. आइकमानांना आधी वाटले, भातात विष असावे व कोंडा हा त्याचा उतारा. १९०१ साली त्यांचे सहकारी ग्रेन्स यांनी नेमके सांगितले, की विष नाही, उणीव आहे. ब जीवनसत्त्वाचा शोध लागला तो या वाटेने. आइकमानांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्याकडे पुढचा बदल स्वातंत्र्यानंतरचा. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६-६१) सरकारी कुक्कुटपालन केंद्रे निघाली, व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जाती पसरल्या. १९७१ साली पुण्यात बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. देशी कोंबडी वर्षाला पाऊणशेच्या आतबाहेर अंडी देते, ही विलायती दोनशेंच्या पुढे जाते. परंतु ती बंदिस्त. उकिरडा तिच्या नशिबी नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, ते नुसत्या ज्वारीतून कोठून येणार? म्हणून मका, पेंड आणि शिंपल्याचा चुरा यांचे तयार खाद्य आले. त्यातही वयाचा भेद आहे. पिलांना प्रथिने जास्त, शंभरात वीस भागांपर्यंत लागतात. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिलांना घातल्यास त्यातील जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. एकाच पोत्यातून सर्वांना वाढणे सोयीचे खरे, पण पिलांना ते महागात पडते.

आता पेंडीविषयी. भुईमूग आपल्या माळरानाचा, घाण्याची पेंड घरोघर येई. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडला. पेंडीवरच्या बुरशीतून तयार होणाऱ्या त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९६६ साली शेजारच्या म्हैसूर राज्यातही अशाच पेंडीने पिल्ले दगावली. हे विष शिजवूनही जात नाही, वासाने नेहमी कळतेच असेही नाही, आणि मोठ्या कोंबडीपेक्षा पिलांना आधी गाठते.

आपल्या घरातील एक बोलणे येथे आठवते : 'खराब झालेय, टाका कोंबड्यांना.' मऊ पडलेले शेंगदाणे, बुरसलेली भाकरी, ओल लागलेला मका, सारे परड्यात. त्याच कोंबडीचे अंडे मग लेकराच्या ताटात!

आता तयार खाद्यात भुईमुगाऐवजी बहुधा सोयाबीनची पेंड असते. मक्याला मात्र ती बुरशी तशीच धरते. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता जून ते सप्टेंबर दाणा आठवड्यापुरताच आणावा, पोते भिंतीपासून दूर फळीवर ठेवावे. मोकळ्या फिरणाऱ्या देशी कोंबडीला ज्वारी, कणी व ताजा कोंडा चालतो; शिंपल्याचा चुरा तेवढा वेगळ्या परळात ठेवावा, जिला हवा ती आपणच खाते.